बाळंतीण रस्ता आणि तीनशे खुर्च्या

माझा पहिला रस्ता सहाशे मीटरचा होता. बहरीनमध्ये झल्लाकला समुद्रकाठच्या हॉटेलांच्या मागून तो निघायचा, खजुरांच्या दोन बागांमधून जायचा आणि एका मळ्याच्या फाटकाशी संपायचा. म्हणजे एका टोकाला हॉटेलांचे कचऱ्याचे डबे आणि दुसऱ्या टोकाला बकऱ्या. पण मला तो इतका आवडायचा की सुट्टीच्या दिवशीही मी गाडी काढून त्याच्यावरून एक चक्कर मारून यायची आणि घरी सांगायची की दूध आणायला गेले होते. आम्ही राहतो जिदहफ्सला, तिथून अर्ध्या तासावर, आणि दूध आमच्या इमारतीच्या खालीच मिळतं. नवऱ्याने कधी विचारलं नाही. समजूतदार माणूस आहे.

त्याआधी नऊ वर्षं मी कंपनीच्या लॅबमध्ये होते. खडी चाळायची, डांबर तापवायचं, दुसऱ्यांच्या रस्त्यांचे तुकडे दाबून फोडायचे आणि आकडे लिहायचे. शेवटी आमच्या बहरिनी मुख्य इंजिनिअरने एक नकाशा माझ्यापुढे टाकला आणि म्हणाला, "हा तुझा. चांगला झाला तरी तुझा, बिघडला तरी तुझा. बिघडला तर लॅब आहेच." मी नकाशा घेऊन बाथरूममध्ये गेले आणि एकटीच नाचले. चाळिशी जवळ आलेली बाई, पायात सेफ्टी शूज, मला कोणी पाहिलं नाही हे बरं झालं.

खडीचा थर झाला, त्यावर डांबराचा पहिला थर झाला. दुसरा थर आणि कडेचे सिमेंटचे ब्लॉक तेवढे राहिले होते. आणि मग पाऊस आला.

बहरीनमध्ये पाऊस म्हणजे सणच. शाळा बंद, ऑफिसं अर्धी रिकामी, रस्त्यांवर तळी. पाणी जायला नीट वाट नाही, म्हणून टँकर येऊन ते उपसून नेतात. आमच्या इमारतीत त्या दिवशी चार घरांतून भज्यांचा वास येत होता. मुलगी खिडकीत बसून व्हिडिओ काढत होती. आई नुकतीच व्हिजिट व्हिसावर भंडाऱ्याकडून आली होती, ती म्हणाली, "बाप्पा, इथंही पडते का?" मी मात्र खिडकीतून खालचं पाणी किती चढतंय ते बघत होते. कारण माझ्या रस्त्याची कड उघडी होती. सगळं पाणी तिथून आत शिरणार, डांबराखाली, खडीत, आणि बसून राहणार.

दुसऱ्या दिवशी ऊन पडलं, डांबर दुपारपर्यंत कोरडं ठणठणीत झालं. कोणीही म्हणावं, काय झालंय या रस्त्याला? मी कडेला जाऊन सळई ठोकली. हे आमचं साधं हत्यार: एक सळई उभी धरायची, तिच्यावर ठरलेलं वजन ठरल्या उंचीवरून दहा वेळा सोडायचं आणि ती किती खाली गेली ते बघायचं. कागदावर मी मिलिमीटर लिहिते, मनात बोटं मोजते. चांगल्या खडीत ती चार बोटं जाते. त्या दिवशी वीतभर गेली. वरून धडधाकट आणि आतून पार ढिला, अशी त्याची अवस्था होती. एक भरलेला ट्रक गेला असता तर सगळं खणून पुन्हा करायची वेळ आली असती.

आमच्या मुख्य इंजिनिअर साहेबांनी थंड देशात शिक्षण घेतलंय. तिथे म्हणे हिवाळ्यात रस्त्याच्या पोटातलं पाणी गोठतं, वसंतात ते वितळतं, आणि ते निचरून जाईपर्यंत कित्येक आठवडे जड ट्रकांना त्या रस्त्यांवर बंदी असते. हे त्यांनीच कधीतरी चहाच्या वेळी सांगितलेलं. मी मीटिंगमध्ये उभी राहिले आणि म्हणाले की मला तशीच बंदी हवी आहे, दोन-तीन आठवड्यांची. सगळे हसायला लागले. वाळूचा ठेका बघणारा म्हणाला, "मॅडम, बर्फ किधर है? दिखाओ तो सही."

माझा पारा चढायला वेळ लागत नाही. मी म्हणाले, "बर्फ छोड़ो. घर में जच्चा होती है ना? बाळंतीण? ऊपर से एकदम ठीक दिखती है. तो क्या दूसरे दिन उसके सिर पे गेहूँ का बोरा रखते हो? ये रोड अभी जच्चा है!"

 मग असा हशा पिकला की शिपाई आत डोकावून गेला. पण साहेब हसले नाहीत. पाच मुलांचा बाप तो. गंभीरपणे म्हणाले, "आमच्याकडे बाळंतिणीला चाळीस दिवस देतात. तुला किती हवेत?" मी म्हणाले, सळई चार बोटांवर येईपर्यंत. त्यांनी हुकूम लिहिला, खाली माझी सही घेतली आणि म्हणाले, "यल्ला, चल, सांभाळ तुझ्या जच्चाला."

झालं. तेव्हापासून तो कंपनीत जच्चा रोड झाला. रस्त्याच्या तोंडाशी आडवा बांबू लावला, तीन टनांपेक्षा जड वाहनांना बंदी अशी पाटी लावली आणि पेशावरकडचे एक वयस्क पठाण चाचा पहाऱ्याला बसवले. मी त्यांना हुकमाचा कागद देऊन बजावलं, "चाचा, मेरा बाप भी आए तो नहीं छोड़ना." चाचांनी कागद घडी घालून छातीच्या खिशात ठेवला आणि म्हणाले, "जच्चा हमारी बेटी है."

पुढचे दहा दिवस मी अशी भांडले की भांडायला मजाच यायला लागली. वाळूचे ट्रक आले, पिण्याच्या पाण्याचे टँकर आले, हॉटेलचं सामान आलं. मी कमरेवर हात ठेवून ओरडायची, "ट्रक मफी! खलास! मागून जा!" मफी म्हणजे इथल्या अरबीत नाही. मागचा रस्ता लांबचा होता, म्हणून प्रत्येकाला वाटायचं की नियम बाकीच्यांसाठी आहे. एका ड्रायव्हरने शपथेवर सांगितलं की गाडी रिकामी आहे, आणि तो शपथ घेत असतानाच मागून वाळू सांडत होती. तोही हसला, मीही हसले, गाडी मात्र परत गेली. रोज संध्याकाळी कामावरून सुटल्यावर मी सळई ठोकायची. वीतभर, मग थोडी कमी, मग सात बोटं. घरी जाऊन सांगायची तर नवरा म्हणायचा, "आज बाळंतिणीनं काय खाल्लं?"

आता जयंतीचं सांगते. आमच्या समाजात वर्षातला सगळ्यात मोठा दिवस तो. गावाकडे जयंती म्हणजे मिरवणूक: निळे झेंडे, पांढऱ्या साड्या, ढोल, आणि दोन तासांचा रस्ता कापायला सहा तास. इथे मिरवणूक नाही. रस्त्यावर काही करायचं नाही हे आम्ही सगळे जाणतो आणि पाळतो. एखादा हॉल घ्यायचा, दार लावून घ्यायचं, वंदना, भाषणं, मुलांचे नाच, जेवण. चांगलंच होतं सगळं. पण जेवण झाल्यावर खुर्च्या रचताना दरवर्षी कोणीतरी म्हणतंच की मिरवणुकीशिवाय जयंती म्हणजे काय.

त्या वर्षी हॉल मिळाला नाही. मीच सुचवलं, माझ्या रस्त्याच्या शेवटी मळा आहे, भाड्याने देतात, झाडं आहेत, शुक्रवारी घेऊ. सुचवताना खरं कारण सांगितलं नाही. सगळा समाज, इंजिनिअर, नर्सेस, बँकवाले, विमानतळावरचे लोक, सगळे माझ्या रस्त्यावरून येतील, आणि आई बघेल, हे खरं कारण. आईला मी तोवर रस्ता दाखवलाच नव्हता. ती आयुष्यभर रोजंदारीवर रस्त्यांची खडी वाहत होती. तिला हा रस्ता साडी नेसून, गाडीत बसून बघायला मिळावा असं माझ्या मनात होतं.

आणि तिथेच मी ती चूक केली. खुर्च्या, स्टेजच्या फळ्या आणि मोठी पातेली न्यायला कंपनीचा ट्रक हवा, असा अर्ज मी फेब्रुवारीतच करून ठेवला होता. दर वर्षी करतेच. बंदी आली तरी मला तो अर्ज आठवला नाही. आठवला असता तरी काय, माझ्या डोक्यात तो ट्रक नव्हताच. टायर बघून वजन सांगणारी बाई मी, पण जयंतीच्या खुर्च्या नेणारी गाडी मला कधी जड वाटली नव्हती. तो आपला ट्रक होता.

शुक्रवारी सकाळी आम्ही पोहोचलो तर बांबू आडवा, समोर आमचा ट्रक, ट्रकच्या मागे चाळीसेक गाड्यांची रांग. पांढरेशुभ्र कपडे घातलेले लोक उन्हात उभे. नवरा पुढे आलेला होता, तो घामाघूम होऊन चाचांशी बोलत होता. चाचांच्या एका हातात बंदीचा हुकूम, दुसऱ्या हातात ट्रकचा अर्ज.

"मॅडम," चाचा म्हणाले, "ये देखो. इस पे आपका साइन, गाड़ी आएगा. इस पे भी आपका साइन, गाड़ी नहीं आएगा. हम किसका माने?"

मी ट्रकचे टायर पाहिले आणि माझ्या तोंडचं पाणी पळालं. ड्रायव्हरने एक फेरी वाचवायला खाली शनिवारच्या कामाचे सिमेंटचे ब्लॉक भरले होते आणि त्यावर आमच्या तीनशे खुर्च्या. बारा-तेरा टन तरी असेल.

नवरा मला बाजूला घेऊन म्हणाला, "अगं, काय करून राहिली तू? लोकं येऊन राहिले, पाहुणे निघाले तिकडून. मागचा रस्ता मळ्यापर्यंत जात नाही, आणि एकच तर ट्रक आहे. एकदाच जाईल. हळू नेऊ."

"काल सहा बोटं होती," मी म्हणाले.

"चार आणि सहात काय फरक आहे बाप्पा? दोन बोटं!"

लोक माझ्याकडे बघत होते. कोणीतरी म्हणालं, ताई, तुमचीच सही आहे, तुम्हीच सोडा. खरं सांगते, मी सोडणार होते. पेन पर्समध्ये होतं. दहा दिवस परक्यांना मफी मफी करून हाकलणं सोपं होतं, हे आपले लोक होते, वर्षातला एक दिवस होता, आणि मला सगळ्यांसमोर वाईट व्हायचं नव्हतं. माझा हात पर्समध्ये गेलासुद्धा.

तेवढ्यात आई गाडीतून उतरली. पांढरी साडी, निळा काठ, पायात नवीन चप्पल. "काऊन थांबले सारे?" तिने विचारलं. नवऱ्याने सांगितलं: हा रस्ता बाळंतीण आहे म्हणे, जड गाडी चालत नाही. त्याने ते चिडून, थट्टेने सांगितलं होतं. आई हसली नाही.

"किती दिस झाले याले?"

"अकरा," मी म्हणाले.

आईने रस्त्याकडे बघितलं. चप्पल काढून एक पाय डांबरावर ठेवला. मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "तू पंधरा दिसांची होतीस तवा मी घमेलं उचललं. तुले बाभळीखाली झोळीत टाकलं आन् खडी वाह्यली. मुकादम म्हणे, दिसते तं चांगली, काय धाड भरली? तवापासून माही कंबर गेली ते गेलीच. नाही जाऊ द्यायचा मी ट्रक. कोणाची सही असो."

हे मला माहीत नव्हतं. आई रस्त्यावर काम करायची हे माहीत होतं, कंबर दुखते हेही माहीत होतं. पंधरा दिवसांचं तिने कधी सांगितलं नव्हतं. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि मला ते पुसायला वेळच मिळाला नाही, कारण आई ट्रकच्या मागे जाऊन ड्रायव्हरला म्हणत होती, "दे रे इकडं." ड्रायव्हर मल्याळी, त्याला शब्द कळले नाहीत, पण आईचा हात कळला. त्याने दोन खुर्च्या खाली दिल्या. आईने पदराची चुंबळ केली, खुर्च्या डोक्यावर ठेवल्या आणि बांबूखालून वाकून चालायला लागली.

"अवं आई, कंबर!" मी ओरडले.

"खुर्ची काय वजन असते वं!" ती न वळता म्हणाली.

मग काय विचारता. बँकेतले मॅनेजर चार-चार खुर्च्या घेऊन निघाले. नर्सेसपैकी चौघींनी एक पातेलं धरलं. स्टेजची एक फळी सहा जणांच्या खांद्यावर, आणि त्यातले दोघे उंच, चार बुटके, त्यामुळे फळी सारखी एका बाजूला कलत होती आणि तिच्याखालून शिव्या आणि हसू एकदम ऐकू येत होतं. नवऱ्याने लाउडस्पीकर छातीशी धरला. मुलगी आधी म्हणाली, "आई, धिस इज सो एम्बॅरसिंग, एव्हरीबडी इज लुकिंग." दोन मिनिटांनी ती माइकचा स्टँड झेंड्यासारखा उभा धरून सगळ्यांच्या पुढे होती.

कोणी सुरुवात केली माहीत नाही. एकाने रिकाम्या पातेल्यावर बोटं वाजवली. दुसऱ्याने खुर्चीच्या पाठीवर ठेका धरला. प्लास्टिकच्या खुर्च्या एकमेकींवर आपटत होत्याच. हळूहळू तो ठेका सगळ्या रांगेभर पसरला, आणि सहाशे मीटरच्या माझ्या रस्त्यावर, दोन्ही बाजूंच्या खजुरांमधून, पांढऱ्या कपड्यांतली दीडशे माणसं तालात चालायला लागली. कोणी घोषणा दिली नाही, कोणी नाचलं नाही. आम्ही फक्त खुर्च्या नेत होतो. पण शेजारी चालणाऱ्या एका काकांनी माझ्याकडे बघितलं, त्यांच्या डोक्यावर उलटी खुर्ची होती, तिचे चार पाय आकाशाकडे, आणि ते म्हणाले, "पोरी, निघाली की गं मिरवणूक!" मला इतकं हसू आलं की माझ्या हातातल्या तीन खुर्च्या खाली पडल्या.

मध्येच पोलिसांची गाडी आली. बांबूशी थांबली. तरुण पोलिसाने काच खाली केली आणि विचारलं हे काय चाललंय. आमचा ठेका बंद पडला. चाचा अदबीने पुढे झाले, बंदीचा कागद दाखवला आणि म्हणाले, "सर, कुर्सी. ट्रक मफी. रोड जच्चा." पोलिसाने कागद वाचला. मग रांगेकडे बघितलं, पुढे माझी मुलगी स्टँड घेऊन, मागे डोक्यावर खुर्च्या घेतलेली आई. त्याला काय समजलं कोण जाणे. त्याने हसून हात हलवला, "यल्ला, यल्ला," आणि गेला.

प्रत्येकाच्या दोन, कोणाच्या तीन फेऱ्या झाल्या. कार्यक्रम तासभर उशिरा सुरू झाला. पाहुण्यांनाही चालत यावं लागलं, कारण तोवर सगळ्यांनी गाड्या बाहेरच लावल्या होत्या. गाड्यांना बंदी नव्हती, पण आता कोणालाच गाडीने जायचं नव्हतं. कार्यक्रम संपल्यावर खुर्च्या परत नेताना तर नंबर लागले. जे येताना मागे होते त्यांना पुढे चालायचं होतं.

मंगळवारी, पंधराव्या दिवशी, मी सळई ठोकली. चार बोटं. पुन्हा ठोकली, पुन्हा चार. तिसऱ्यांदा पुढे जाऊन ठोकली, चारला थोडी कमीच. साहेबांना फोन केला. ते म्हणाले, मग उघड ना आजच, वाळूवाले माझं डोकं खातायत. मी म्हणाले, उद्या. त्यांनी विचारलं का. मी म्हणाले, खबरदारी. रिपोर्टमध्येही तेच लिहिलं.

बुधवारी आईला घेऊन गेले. तिचा व्हिसा संपत आला होता, पुढच्या आठवड्यात ती जाणार होती. चाचांनी बांबू उचलला आणि आम्हाला सलाम केला. पहिला ट्रक तोच आला, मल्याळी ड्रायव्हर, सिमेंटचे ब्लॉक, बारा-तेरा टन. ब्लॉक शेवटी आमच्याच कडेला लागायचे होते. तो आईला ओळखून हसला. मी रस्त्याच्या कडेला उभी राहून चाकांखालचं डांबर बघत होते. ट्रक आमच्यासमोरून गेला, खजुरांमधून गेला, मळ्याच्या फाटकापाशी जाऊन थांबला.

आई खाली बसली. ट्रकची चाकं जिथून गेली होती तिथे तिने तळवा टेकवला आणि इकडून तिकडे फिरवला, पोळपाटावरचं पीठ पुसतात तसा.

"नाही दबला," ती म्हणाली.

मग बोटांवर काहीतरी मोजलं आणि माझ्याकडे वर बघितलं. "पंधरावा दिस तं काल होता ना वं?"

"हो."

"मंग काल काऊन नाही उघडला?"

 मी हात पुढे केला. आईने तो धरला, कमरेवर दुसरा हात ठेवला आणि हळूहळू उभी राहिली.

"एक दिस जास्त देल्ला तूनं," ती म्हणाली, आणि एवढं मोठ्याने हसली की फाटकापाशी ड्रायव्हरने मागे वळून बघितलं.